वीणा खाली ठेवायची नाही

बोलणं शब्दांमुळे बिघडतं त्यापेक्षा घाईमुळे जास्त बिघडतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं तयार असतं. मग फक्त पाळी येईपर्यंत धीर धरायचा असतो, आणि तोच सुटतो.

नाम घेणाऱ्याला मदत होते ती नेमकी इथे. देव भेटतो की नाही हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर ज्यांना मिळालं ते सहसा सांगत फिरत नाहीत.

*

बेलापूर संपून खाडी सुरू होते तिथे दिवाळे गाव आहे. एका अंगाला सीबीडी: सिडको भवन, कोकण भवन, जरा पुढे महापालिकेचं मुख्यालय. तिथे दिवसभर बोलण्याचंच काम चालतं. अर्ज, सुनावण्या, बैठका, सादरीकरणं. दुसऱ्या अंगाला जेट्टी, होड्या, मासळी बाजार. तिथेही दिवसभर बोलणंच चालतं. फरक इतकाच, की बाजारात काय ठरलं ते दोन्ही बाजूंना कळलेलं असतं.

कोळणीचा आवाज मोठा म्हणून शहरी गिऱ्हाईक बिचकतं. पण आवाज मोठा असला म्हणजे बोलणं गढूळ असतं असं थोडंच आहे? बाजार भरात असताना एकीशी भाव चाललेला असतो, दुसरीचा हलवा कोयत्यावर असतो आणि तिसरीला "थांब गं ताय, तुजंच घेते" असं सांगून झालेलं असतं. तीन संभाषणं एकाच वेळी, आणि एकाचाही धागा तुटत नाही. तिचं वाक्य एका श्वासात मावतं. ज्याचं वाक्य श्वासात मावत नाही, त्याचं म्हणणं बहुधा अजून ठरायचं असतं.

भाव सांगितला की ती गप्प बसते. आपण भाव सांगतो आणि लगेच कारणं द्यायला लागतो.

*

ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांमध्ये वारकरी पंथ चांगला रुजलेला आहे. डोंबिवलीचे सावळाराम महाराज म्हात्रे याच मातीतले. चैत्र-वैशाखात कुठल्या ना कुठल्या गावात अखंड हरिनाम सप्ताहाचा मांडव दिसतोच. मासे धरणारं गाव आणि माळकऱ्यांचं गाव एकच असू शकतं, हे बाहेरच्याला पटकन पचत नाही. कोळीवाड्यातला माळकरी स्वतः मासे खात नाही, पण घर मासळीवर चालतं. ही गाठ तो रोज सोडवतो आणि त्यावर प्रवचन देत नाही.

ज्याला स्वतःची विसंगती ठाऊक आहे, तो दुसऱ्याच्या विसंगतीवर जरा बेतानं बोलतो.

*

हरिपाठ संध्याकाळचा. ज्ञानदेवांचे अभंग २७, शेवटचा फलश्रुतीचा धरला तर २८. समोरासमोर दोन रांगा, गळ्यात टाळ, मधे मृदंग, मागे विणेकरी. एकाने चरण टाकायचा, सगळ्यांनी तो उचलायचा, पाय पावलीत पडत राहायचे.

इथे दांडग्या गळ्याला मान नाही. एखाद्याचा टाळ आधी पडला की समोरच्या रांगेतले दोघे-तिघे त्याच्याकडे बघतात. बोलत काहीच नाहीत, नुसतं बघतात. पुढच्या चरणाला टाळ जागेवर येतो. इतक्या कमी खर्चात झालेली सुधारणा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

टाळ वाजवायला हात पुरतात, जुळवायला कान लागतात.

कचेऱ्यांमध्ये हल्ली संवादकौशल्याची शिबिरं होतात. लक्ष देऊन कसं ऐकावं हे पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतात, आणि ते चालू असताना अर्धी मंडळी मांडीवरच्या फोनमध्ये असतात. हरिपाठात ऐकायला शिकवत नाहीत. जो ऐकत नाही त्याचा टाळ उघडा पडतो, एवढीच काय ती व्यवस्था.

आणखी एक. हरिपाठात सगळे तेच म्हणत असतात जे सगळ्यांना आधीच पाठ आहे. माहितीची देवाणघेवाण शून्य. तरी माणसं उठताना एकमेकांच्या जास्त जवळ आलेली असतात. बोलण्याचं निम्मं काम माहितीचं नसतंच, हे दोन रांगांत उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

*

सप्ताहातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट कीर्तन नव्हे, काल्याचा प्रसादही नव्हे. वीणापहारा.

सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली टेकवायची नाही आणि नाम थांबवायचं नाही. मांडवात पहाऱ्यांचा तक्ता लावलेला असतो: कुणाचा पहारा किती ते किती. दिवसाचे पहारे पटकन भरतात. खरी माणसं कळतात ती रात्री दोन ते चारच्या रकान्यात. त्या वेळी मांडवात एखादी समई, चटईवर झोपलेली दोन-तीन पोरं, पायाशी पेंगणारं कुत्रं आणि गळ्यात वीणा घेतलेला एक माणूस. समोर श्रोता नाही. तारेवर बोट, तोंडात नाम, पाय एका जागी फार ठरत नाहीत. पहारा चालू असताना गप्पा मारायच्या नाहीत. कुणी येऊन विचारलं, "वहिनी बरी आहे का?" तर मान हलवायची. उत्तर पहारा सुटल्यावर.

गावातल्या प्रत्येक पुरुषाला, आणि आता कितीतरी गावांत बायकांनाही, वर्षातून एकदा असा काही वेळ मिळतो, जिथे त्याच्या मताची कुणाला गरज नसते. राजकारण, जमीन, पोराचं लग्न, भाऊबंदकी, कशावरच त्याने बोलायचं नसतं. हा मोठा विसावा आहे. मत असण्याचा थकवा किती असतो हे मत खाली ठेवल्याशिवाय कळत नाही.

आणि मग हस्तांतर. पुढचा पहारेकरी येतो. आधी वीणेला नमस्कार, मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वय बघत नाहीत. वीणा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात जाते. मधे नाम तुटू द्यायचं नाही, म्हणून येणारा आधी नाम धरतो आणि मगच जाणारा सोडतो. दोन-चार क्षण दोघांचाही आवाज असतो.

त्या दोन-चार क्षणांसाठी मी पहारा बदलण्याची वेळ बघून जातो. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होणं हे एरवी आपल्याकडे भांडणाचं लक्षण. इथे तेच काळजीचं लक्षण आहे. सूर तोच, शब्द तोच, आणि येणाऱ्याने जाणाऱ्याचं पूर्ण ऐकलेलं. तोडण्यासाठी मधे बोलणं आणि सांभाळण्यासाठी मधे बोलणं, दोन्हींना वेळ सारखाच लागतो.

तक्त्यावर कधी कधी असं होतं, की ज्या दोन घरांत बांधावरून किंवा ओट्यावरून अबोला आहे, त्या घरांचे पहारे लागोपाठ येतात. तक्ता लिहिणारा म्हातारा अजाण असेलच असं नाही. पाया पडल्यावर अबोला लगेच सुटत नाही. पण दुसऱ्या दिवशी नळावर मान वळवून जाणं थोडं अवघड होतं.

*

शरीराचं काय होतं, हे थोडक्यात. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्डी आणि सहकारी यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या: लॅटिनमधली 'आवे मारिया'ची जपमाळ आणि 'ॐ मणिपद्मे हुम्'. डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो अभ्यास आला. दोन्ही जपांत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. सहाच्या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्यातलं जुळवून घेणं सुधारतं, असं त्यांना दिसलं. बंगळूरच्या निमहान्समध्ये २०११ साली ॐकाराच्या वेळी मेंदूचं चित्रण केलं. भावनांशी जोडलेल्या भागांची धावपळ कमी झालेली आढळली. तुलनेसाठी नुसता 'स्स्स' असा लांब आवाज काढायला लावला, तेव्हा तसं दिसलं नाही. माणसं मोजकी होती, त्यामुळे यावर मांडव घालायची घाई नको.

गंमत अशी की व्हॅटिकनचा जप आणि ल्हासाचा जप श्वासाला एकाच जागी आणून सोडतात. जप म्हणजे लांब उच्छ्वास. शब्द बाहेर टाकायचा म्हणजे हवा सावकाश बाहेर टाकायची. उच्छ्वास लांबला की जीव खाली बसतो. एवढं तर बाळाला थोपटणाऱ्या आजीलाही ठाऊक असतं, तिला जर्नल लागलं नाही.

मिनिटाला सहा श्वास घेणारा माणूस भांडत नाही असं नाही. त्याला भांडायला जरा वेळ लागतो. बहुतेक भांडणं तेवढा वेळ टिकत नाहीत.

*

वारकऱ्याला फोन लावून बघा. तो 'हॅलो' म्हणत नाही, 'राम कृष्ण हरी' म्हणतो. तुम्ही उधारी मागायला फोन केलेला असतो. आता तुम्हालाही आधी 'राम कृष्ण हरी' म्हणावं लागतं. तेवढ्यात रागाचं पहिलं वाक्य सांडून जातं आणि दुसरं नेहमीच पहिल्यापेक्षा बरं असतं.

वारीत तर सगळेच माउली. पाय तुडवणारा माउली, रांगेत घुसणारा माउली, पाण्याच्या टँकरवर दोन हंडे जास्त भरणारी बाईही माउली. "माउली, जरा सरका" आणि "ओ, सरका की" यांत गर्दी तेवढीच असते. माउली म्हणून हाक मारली की पुढचं वाक्य शिवीने सुरू करता येत नाही. व्याकरणात चालेल, जिभेला चालत नाही.

संबोधन आधी ठरवलं की निम्मं बोलणं ठरतं.

*

आता दुसरी बाजू.

जपमाळ हातात घेऊन सुनेला बोलणारी सासू मराठी गोष्टींत इतकी आली आहे, की तिचा कंटाळा येतो. सासऱ्याला मात्र गोष्टींनी सोडून दिलं. तो माळ घेऊन गॅलरीत बसतो. घरात वाद पेटला की त्याची माळ सुरू होते. मुलगा विचारतो, "बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?" बाबांचे डोळे मिटलेले. नाम हे मौनाचं सगळ्यात प्रतिष्ठित रूप आहे आणि पळपुटेपणाचंही. जिथे बोलायला हवं तिथे जप करणं हे बोलायला घाबरणंच, फक्त सोवळ्यातलं.

माळ संपल्यावर उत्तर देणार असाल तर जप करा. उत्तर टाळण्यासाठी नको.

*

याहून मोठी गोष्ट पंढरपूरची. चोखोबांनी जन्मभर विठ्ठलाचंच नाम घेतलं. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. आतल्या बडव्यांच्या तोंडी तेच नाम होतं. सहाशे वर्षं दाराच्या दोन्ही बाजूंना एकच नाम चालू होतं आणि अस्पृश्यांना दार बंद होतं.

ते उघडायला बोलावं लागलं. साने गुरुजी १९४७ च्या सुरुवातीचे महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव सभा घेतल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. तेव्हा दार उघडलं. हा माणूस वक्ता म्हणून तयार झाला तो कुठे? १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' त्यातून आली. अठरा अध्याय दुसऱ्याचं बोलणं शब्दाशब्दाने टिपून घेणं हा काही लहान जप नाही. असा माणूस बोलायला उठतो तेव्हा त्याच्या आवाजात आधी ऐकलेलं असतं.

नामाने माणूस बोलायच्या लायकीचा होईल. बोलायचं त्यालाच आहे. विठ्ठल त्याच्या वतीने सभा घेत नाही.

*

सत्यनारायण गोयंका जपाला नाही म्हणत. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर जी विपश्यना शिकवतात तीत नाम नाही, मंत्र नाही, मूर्तीचं ध्यान नाही. नुसता श्वास, मग शरीरावरच्या संवेदना. शब्द घेतला की मन लवकर एकाग्र होतं हे ते मान्य करत. पण शब्दाची स्वतःची लहर असते, ती खालचं झाकते, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धं पटतं. झाकलं जातं खरं. पण काही जखमांना आधी झाकणंच लागतं.

दहा दिवसांच्या शिबिरात नऊ दिवस आर्य मौन. दहाव्या दिवशी मौन सुटतं, आणि त्या दुपारी आवारात जो कलकलाट होतो तो दिवाळ्याच्या बाजाराला लाजवेल. नऊ दिवस साठलेलं सगळं एका जेवणात. मौनाने बोलणं सुधारतं असं मानणाऱ्यांनी तो दहावा दिवस बघावा आणि मग अकराव्याची वाट बघावी.

*

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत आणखी एक पठण घुमू लागलं. बुद्धविहारात, लग्नात, नामकरणात, अंत्यविधीत त्रिशरण-पंचशील पालीमधून एकसुरात म्हणतात. पाच शीलांपैकी चौथं बोलण्याबद्दल आहे: खोटं बोलण्यापासून दूर राहीन. इतर जप बोलणं सुधारेल अशी आशा ठेवतात. इथे म्हणायचा मजकूरच बोलण्याविषयी आहे.

आणि तो एकट्याने मनात म्हणायचा नाही. प्रतिज्ञा मनातल्या मनात केली की मोडताना कुणी बघत नाही. शेजाऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून केली की शेजारी साक्षीदार होतो. उद्या त्याच्याशी व्यवहार करायचा आहे. बाबासाहेबांना धम्म माणसामाणसांतल्या वागणुकीत हवा होता. एकत्र, मोठ्याने म्हणण्यात तो थोडासा तरी येतो.

*

समर्थांच्या चरित्रातला क्रम बघण्यासारखा आहे. परंपरा सांगते की नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं त्रयोदशाक्षरी रामनामाचा जप केला, मग बारा वर्षं देश पायी पाहिला, आणि त्यानंतर लोकांशी बोलायला बसले. आधी नाम, मग पायपीट, मग शब्द. आपण मधला टप्पा गाळतो. सकाळी वीस मिनिटं जप केला की दहाच्या बैठकीत दुसऱ्याला शहाणपण सांगायचा परवाना मिळाला असं वाटतं.

दासबोधाचे २० दशक, २०० समास. त्यात अक्षर कसं काढावं यावर एक अख्खा समास आहे. जपाने सगळं आपोआप होतं असं वाटलं असतं तर बोरू कसा धरावा हे सांगायला ते बसले नसते. आणि मनाचे श्लोक २०५. उपदेशाची एवढी सोय असताना माणूस दोनशे पाच श्लोक स्वतःच्या मनालाच सज्जन म्हणून समजावत बसतो. रागावतो, पण हाक सभ्यपणे मारतो. स्वतःशी इतक्या अदबीने बोलणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

*

खाडी वाट बघायला शिकवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जाणारी ही वेळ कुणाच्या सोयीने ठरत नाही. ओहोटीला होडी चिखलात बसलेली असते. तेव्हा ओरडून उपयोग नाही, तिथीवर रागावून तर अजिबात नाही.

त्यामुळे दिवाळ्याच्या नाखव्याला हरिपाठ रोज साधत नाही. आज सात वाजता तो मंदिरात असतो, पुढच्या आठवड्यात सात वाजता पाण्यात. घड्याळावर बांधलेली साधना ही नोकरदाराची चैन आहे.

पूर्वी जाळं ओढताना हाळी असे. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी ओढायचं. अर्थ काहीच नाही, नुसता ठेका. पण त्या ठेक्याशिवाय दहा माणसांचं बळ दहा दिशांना जातं. इंजिन आलं आणि त्याच्या आवाजात हाळी बुडाली. आता हातवारे करतात. अजूनही होडी चिखलातून वर घ्यायची असली की ठेका आपोआप तोंडात येतो. एकत्र ओढायचं असेल तर आधी एकत्र श्वास घ्यावा लागतो, हे कोळ्याला कुठल्याही संप्रदायाने सांगितलेलं नाही.

दिवाळीत गावचे कोळी बहिरीदेवाला समुद्रातून गावात आणतात आणि उत्सव झाला की पुन्हा समुद्रात पोचवतात. देव पाहुणा येतो तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून घ्यायचं. बारा महिने समोर असलेल्या देवाशी माणूस किती पाल्हाळ लावतो हे कुठल्याही देवळात बसून ऐका. मुक्काम थोडा असला की मागणं नेमकं होतं.

*

नवी मुंबईत गावठाणाच्या कडेला इमारती उभ्या आहेत आणि प्रत्येक इमारतीची सोसायटी आहे. सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना नरकाचं वेगळं वर्णन नको. विषय: गच्चीची गळती आणि पार्किंग. अकरा माणसं बोलतात, ऐकणारं कुणी नसतं. शेवटी सचिव म्हणतात, "चला, पसायदान घेऊ." ज्यांनी तासभर एकमेकांचे पूर्वज काढले ते हात जोडून विश्वाच्या कल्याणाची प्रार्थना करतात, आणि जिन्यात पुन्हा सुरू होतात.

ज्ञानेश्वरी नेवाशाला १२९० साली पूर्ण झाली, तिचा शेवट पसायदानाने आहे, म्हणून ते शेवटी म्हणायचं ही समजूत. पण नऊ हजार ओव्या श्रोत्यांना सांभाळत, त्यांची परवानगी मागत सांगून झाल्यावर ज्ञानदेवांनी ते मागितलं. आपण आधीचं काही न करता थेट तिथेच उतरतो. सोसायट्यांनी ते सभेच्या सुरुवातीला म्हणून बघावं, सावकाश, एकाच पट्टीत, शेजाऱ्याचा आवाज ऐकत. पार्किंग वाढणार नाही. पहिल्या वक्त्याचा आवाज मात्र अर्धी पट्टी खाली येईल.

वारकरी कीर्तनात निरूपणाच्या मधे मधे विठ्ठलनामाचा गजर होतो. तेवढ्यात कीर्तनकाराला श्वास मिळतो आणि श्रोत्याला ऐकलेलं जिरवायला वेळ. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथे हे शिकून बाहेर पडतात: किती बोलायचं, कुठे थांबून गजर घ्यायचा. आपल्या सभांमध्ये थांबण्याची जागा म्हणजे चहा. तोही बोलत बोलत पितात.

*

शेवटची तक्रार भोंग्याची. हरिपाठाला चार-चार ध्वनिक्षेपक लागू लागल्यापासून समोरच्या रांगेतला टाळ ऐकू येत नाही. माईक एकाच्या हातात, बाकीचे नुसते तोंड हलवतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगतात. ते शेजाऱ्यांसाठी आहेत. मी रांगेतल्या माणसासाठी बोलतोय. त्याला स्वतःचा आवाज मोठा ऐकू येतो आणि दुसऱ्याचा येत नाही. म्हणजे जी खोड मोडायला तो इथे आला, तीच वायरीतून परत मिळते.

तेव्हा मंडळांना विनंती: कीर्तनाला हवा तर माईक लावा, हरिपाठाला बंद ठेवा. आणि तुम्हाला, वाचणाऱ्याला. जवळच्या कुठल्याही गावात सप्ताह लागला की संध्याकाळी जाऊन रांगेत उभे राहा. पाठ नसला तरी चालतो, दुसऱ्या चरणापासून उचलता येतो. टाळ नसेल तर मंडळाच्या पेटीत बहुधा एखादा जादा असतो, मागून घ्या. तक्त्यावर रात्री दोन ते चारचा रकाना रिकामा दिसला तर त्यात नाव लिहा, आणि फोन घरी ठेवून या.